मरुभूमीतील भुयारी पाट

इराण देशाचा नकाशा पाहिला, म्हणजे कडेकडेने पर्वतांच्या रांगा आणि मध्ये एक विस्तीर्ण पठार असे त्याचे रूप दिसते. उत्तरेस अल्बुर्झ पर्वत आहे, तर वायव्येकडून आग्नेयेकडे झाग्रोस पर्वताच्या ओळी पसरल्या आहेत. समुद्रावरून येणारे ढग ह्या पर्वतांना अडतात आणि आपले बहुतेक पाणी तेथेच रिते करतात. मधल्या पठाराच्या वाट्याला फारच थोडा पाऊस येतो. यझ्द शहरात वर्षाकाठी सरासरी ५० ते ६० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणात आषाढातल्या एकाच दिवशी ह्याहून अधिक पाऊस कोसळून जातो! ह्या पठारावर दश्त-ए-कवीर आणि दश्त-ए-लूत अशी दोन मोठी वाळवंटे आहेत. पहिल्यात जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा पसरलेला असतो. दुसऱ्यातील जमिनीचे तापमान २००५ साली उपग्रहाने मोजले, तेव्हा ते ७० अंश सेल्सियसपेक्षाही अधिक भरले.

अशा ह्या भाजून निघालेल्या प्रदेशात यझ्द, केरमान, काशान, नाईन, तबस ही शहरे शतकानुशतके नांदत आली आहेत. तेथे डाळिंबाच्या बागा आहेत, पिस्त्यांची झाडे आहेत, काशानच्या परिसरात तर गुलाबाचे मळे आहेत. ह्यांतील कोणत्याही शहराजवळून बारमाही मोठी नदी वाहत नाही. मग हे पाणी येते कोठून?

उंटांचा तांडा घेऊन ह्या पठारावरून मजल दरमजल करीत जाणाऱ्या जुन्या काळच्या प्रवाशाला दोनच चिंता असत : वाट चुकू नये आणि पाणी संपू नये. तेराव्या शतकातील व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो ह्याने केरमानहून पुढे जाणाऱ्या वाटेचे वर्णन केले आहे. पहिल्या तीन दिवसांच्या प्रवासात पाणी जवळजवळ नाहीच. जे आढळते ते गवतासारखे हिरवे, आणि इतके खारट व कडू की ते कोणालाही पिववत नाही, असे तो सांगतो. अशा वाटेने चालत असता, गावाची झाडी दृष्टीस पडण्यापूर्वीच, प्रवाशाला जमिनीवर एक खूण दिसू लागे. वारुळांसारखे, पण मधोमध खोल छिद्र असलेले मातीचे गोल ढीग एकामागून एक, एकाच ओळीत, डोंगराकडून गावाकडे गेलेले असत. ती ओळ दिसली की उंटवाल्याच्या जिवात जीव येई. त्या ढिगांच्या खाली, जमिनीच्या पोटात, गोडे पाणी वाहत आहे हे त्याला ठाऊक असे.

ह्या भुयारी पाटाला इराणात ‘कारेझ’ किंवा ‘कनात’ असे म्हणतात. कारेझ हा शब्द फारसी आहे, कनात हा अरबी. मराठीत कनात म्हणजे तंबूभोवतीचा कापडी आडोसा. त्या कनातीशी ह्या कनातीचा अर्थाने काही संबंध नाही.

कनातीची कल्पना समजून घेण्यास सोपी आहे. ती अमलात आणणे मात्र महाकठीण. हिवाळ्यात पर्वतांवर बर्फ पडते आणि उन्हे तापू लागली की ते वितळून ओढ्यांवाटे खाली येते. परंतु पर्वताच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळू ह्यांचे जाड थर साचलेले असतात. त्यांत ते पाणी मुरून जाते आणि खाली चिकण मातीचा घट्ट थर लागला म्हणजे तेथे अडून राहते. हे पाणी खोल असते खरे. पण पायथ्याची जमीनच मुळी खालच्या गावापेक्षा पुष्कळ उंचावर असते. म्हणून पायथ्याशी जे पाणी खोल, ते गावाच्या मानाने वरच्या अंगालाच असते. ही गोष्ट ज्याच्या प्रथम ध्यानात आली, तो मनुष्य मोठा बुद्धिमान असला पाहिजे. पाणी वर ओढून काढावयास नको. त्याला जमिनीखालून अगदी किंचित उतरती अशी वाट करून दिली, की ते आपल्या पायांनी गावापर्यंत चालत येईल!

हाच पाट जमिनीवरून उघडा का काढू नये, असा प्रश्न मनात येईल. पण त्या प्रदेशात ऊन इतके कडक आणि वारा इतका कोरडा असतो, की लांबवरून येणाऱ्या उघड्या पाण्याचा बराचसा भाग वाटेतच वाफ होऊन जाईल. जो उरेल त्यात वावटळी वाळू आणून टाकतील. जमिनीखाली ना ऊन पोहोचते, ना वाळू.

कनात खणण्याच्या कामी प्रथम पाणाड्याची पारख लागे. पायथ्याशी कोठे हिरवळ टिकून आहे, माती कोठे ओलसर आहे, हे पाहून तो जागा दाखवी. तेथे एक विहीर खणून पाहत. पाणी लागले तरी लगेच हुरळून जात नसत. काही दिवस ते उपसून पुन्हा किती भरते हे तपासीत, आणि झरा कायमचा आहे अशी खात्री पटली म्हणजेच पुढचे काम हाती घेत. ह्या पहिल्या विहिरीला फारसीत ‘मादर-चाह’ म्हणतात. मादर म्हणजे आई आणि चाह म्हणजे विहीर.

आता खरा प्रश्न उभा राही. आई-विहिरीतील पाणी बाहेर कोठे निघेल, हे मैलोगणती दूरच्या उघड्या माळावर ठरवायचे कसे? त्यासाठी जुन्या जाणत्या माणसांनी एक युक्ती काढली होती. एक लांब दोर विहिरीत पाण्याला टेकेपर्यंत सोडीत आणि विहिरीच्या काठाशी त्यावर खूण करीत. समजा, त्या खुणेपासून टोकापर्यंत दोर दोनशे हात भरला. मग पाणसळ घेऊन ते उतारावरून टप्प्याटप्प्याने खाली येत. एका टप्प्यात जमीन दोन हातांनी उतरली, तर दोरावर खुणेपासून दोन हात मोजून नवी खूण करीत; पुढच्या टप्प्यात ती दीड हात उतरली, तर आणखी दीड हात. असे मोजता मोजता दोराचे टोक हाती आले, म्हणजे येथवर जमीन एकंदर दोनशे हात उतरली असे ठरे. अर्थात येथील जमीन आणि विहिरीतील पाणी एका पातळीत आले. ह्या जागेच्या थोडे खाली कनातीचे तोंड धरले, की काम झाले. एक दोर, एक पाणसळ आणि हिशेबी माणूस, एवढ्या सामग्रीवर हे माप चाले. अकराव्या शतकाच्या आरंभी अल-करजी ह्या प्रसिद्ध गणितज्ञाने गुप्त जल बाहेर काढण्याच्या विद्येवर एक ग्रंथच लिहिला असून त्यात पातळी मोजण्याच्या साधनांचे वर्णन केले आहे.

भुयाराला उतार किती द्यावयाचा, हेही नाजूक काम असे. हजार-दीड हजार हातांच्या लांबीस एखादा हात, इतकाच तो असतो. उतार अधिक झाला तर पाणी वेगाने धावून तळ कुरतडील आणि भुयार ढासळेल. कमी झाला तर पाणी रेंगाळेल आणि गाळाने वाट बुजेल.

खोदाईला आरंभ होई तो खालच्या तोंडाकडून, म्हणजे गावाच्या बाजूने. ह्यात शहाणपण होते. पुढे पाणी लागले, तर ते खणणाऱ्याच्या अंगावर न साचता मागच्या वाटेने आपोआप बाहेर निघून जाई. ही विद्या जाणणाऱ्या कारागिराला ‘मुकन्नी’ म्हणतात. ती बापाकडून मुलाकडे येई, आणि यझ्दच्या मुकन्नींचा लौकिक तर साऱ्या इराणात होता. भुयाराची उंची सुमारे चार फूट आणि रुंदी दोन फूट एवढीच असे. आत मुकन्नी कुदळीने माती खणी, त्याचा मदतनीस ती चामडी पोहऱ्यात भरी आणि वर दोघे जण रहाट फिरवून ती उपसून काढीत. माती बाहेर काढण्यासाठी आणि हवा आत येण्यासाठी दर वीस ते पन्नास मीटरांवर एक एक उभी विहीर खणीत. उपसलेली माती विहिरीच्या तोंडाभोवतीच गोल रचून ठेवीत, म्हणजे क्वचित येणाऱ्या वळवाच्या पावसाचा लोंढा आत शिरत नसे. प्रवाशाला दिसणारे वारुळांसारखे ढीग ते हेच. विमानातून पाहिले तर ते जमिनीवर ओवलेल्या मण्यांच्या माळेसारखे दिसतात.

आत काळोख. दिशा चुकू नये म्हणून मुकन्नी आपल्या मागे तेलाचे दोन दिवे एका रेषेत ठेवी. मागे वळून पाहताना पुढच्या दिव्याआड मागचा दिवा बरोबर झाकला गेला, की भुयार सरळ चालले आहे असे समजावे. ह्याच दिव्यांकडून त्याला आणखी एक इशारा मिळे. ज्योत मंद होऊ लागली, तर आतली हवा विषारी होत आहे हे जाणून त्याने ताबडतोब मागे फिरावे. माती भुसभुशीत लागली, तर तेथे भाजलेल्या मातीची मोठमोठी कडी एकापुढे एक बसवून छत तोलून धरीत. एवढे करूनही दरड कोसळे. आई-विहिरीच्या जवळ आल्यावर तर कुदळीच्या एका घावासरशी कोंडलेले पाणी अंगावर येण्याचे भय असे. म्हणून मुकन्नी आत उतरण्यापूर्वी प्रार्थना करी, आणि एखादा दिवस अशुभ वाटला तर त्या दिवशी कामास हातही लावीत नसे. त्याचा पोशाख पांढरा असे. काळोखात माणूस चटकन दिसावा हा त्याचा एक उपयोग. पण पांढरे वस्त्र हे कफनही असते, आणि ते अंगावर घेऊनच मुकन्नी जमिनीखाली जातो, असे इराणात म्हणतात. ज्या कनातीवर त्यांचे पोट चाले, तिला हे लोक आपसात ‘खुनी’ म्हणत. ह्या कामात प्राण गेलेल्या माणसांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

इराणच्या ईशान्येस गोनाबाद नावाचे गाव आहे. तेथील कसबेह नावाची कनात ह्या विद्येचा कळस मानली जाते. तिची लांबी सुमारे ३३ किलोमीटर असून वाटेत चारशेहून अधिक विहिरी आहेत. आई-विहिरीची खोली ३०० मीटरांच्या आसपास आहे. दिल्लीचे चार कुतुबमिनार एकावर एक रचून त्या विहिरीत उतरविले, तरी ते जवळजवळ तिच्यात मावून जातील! ही कनात सुमारे अडीच हजार वर्षांची जुनी समजली जाते आणि ती आजही वाहत आहे. अकराव्या शतकाच्या मध्यास नासिर खुसरो हा कवी आणि प्रवासी ह्या बाजूने गेला, तेव्हा त्याला ह्या भागातल्या एका कनातीची हकीकत कानी आली. तिची विहीर सातशे गज खोल आहे आणि ती प्राचीन राजा कैखुसरो ह्याने खणविली, असे त्याला सांगण्यात आले. सातशे गज ही अतिशयोक्ती खरी. परंतु तीनशे मीटर खोल विहिरीत ज्याने एकदा डोकावून पाहिले असेल, त्याच्या तोंडून असा आकडा निघाला तर त्याला फारसा दोष देता येणार नाही.

ही भुयारे एखाद्या राज्याचे भवितव्यही ठरवू शकत. पॉलिबियस ह्या ग्रीक इतिहासकाराने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात ह्याविषयी एक हकीकत लिहून ठेवली आहे. इ. स. पूर्व २०९ च्या सुमारास सेल्युकसच्या वंशातील राजा तिसरा अँटायोकस पार्थियावर चालून निघाला. पार्थियाचा राजा अर्सासेस ह्याला भरवसा होता, की एवढे मोठे सैन्य मधले वाळवंट ओलांडूच शकणार नाही. कारण त्या वाटेवर जमिनीवर पाण्याचा थेंब दिसत नव्हता. पण अँटायोकस थांबला नाही. तेव्हा त्या रुक्ष प्रदेशातील भुयारी पाट आणि विहिरी बुजवून टाकण्याचा हुकूम अर्सासेसने सोडला. ही बातमी कळताच अँटायोकसने निकोमीडीझ ह्या सरदाराबरोबर एक हजार घोडेस्वार पुढे पाठविले. ते पोहोचले, तेव्हा अर्सासेस आपल्या सैन्यासह माघारी गेला होता, पण त्याचे काही स्वार पाटांची तोंडे मोडीत होते. निकोमीडीझने त्यांना पिटाळून लावले. पाणी वाचले, सैन्य वाळवंट पार करून हेकॅटोम्पिलॉस ह्या शहरी जाऊन पोहोचले.

पॉलिबियस आणखी एक गोष्ट सांगतो, ती लढाईहून मोलाची आहे. इराणी राजांची सत्ता होती तेव्हा, जो कोणी कोरड्या जमिनीवर नव्याने पाणी आणील, त्याला ती जमीन पाच पिढ्या कसण्याचा अधिकार देत असत. म्हणून लोक मोठा खर्च आणि कष्ट सोसून दूरवरून ही भुयारे खणून आणीत. मात्र पॉलिबियसच्या काळी पाणी वापरणाऱ्यांनासुद्धा ह्या पाटांचा उगम कोठे आहे हे माहीत नव्हते. पणजोबाने खणलेल्या भुयाराचे पाणी पणतू निर्धास्तपणे पीत होता.

पाणी आले म्हणजे तंटेही आले. एकाने कनात खणावी आणि शेजाऱ्याने तिच्या जवळच विहीर पाडून तिचे पाणी ओढावे, असे प्रकार घडू लागले. नवव्या शतकात खोरासानचा सुभेदार अब्दुल्ला इब्न ताहिर ह्याच्यापुढे असे खटले वारंवार येत. जुन्या धर्मशास्त्रात त्यांचा निवाडा सापडेना. तेव्हा त्याने विद्वानांना एकत्र करून कनातींच्या कायद्याचे एक पुस्तकच तयार करविले आणि पुढे दीर्घकाळ त्याच्या आधारे निवाडे होत राहिले. प्रत्येक कनातीच्या दोन्ही बाजूंस ठराविक अंतरापर्यंत दुसऱ्या कोणी विहीर खणू नये, असा दंडक होता. त्या राखीव पट्ट्याला ‘हरीम’ म्हणत. जमीन कठीण असेल तर हरीम अरुंद, भुसभुशीत असेल तर रुंद.

गावात आलेले पाणी वाटून देण्याचे काम ‘मीराब’ पाही. मीर म्हणजे प्रमुख, आब म्हणजे पाणी. आपल्याकडे नाशिक-धुळ्याच्या बाजूला बंधाऱ्याचे पाणी पाळीपाळीने सोडणारा पाटकरी असतो, तसाच हा मीराब. त्याचे माप मोठे कौतुकास्पद होते. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तो तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवी. छिद्रातून पाणी हळूहळू आत येऊन वाटी बुडाली, की एक ‘फिंजान’ वेळ झाली. ज्याचा हक्क सहा फिंजानांचा असेल, त्याच्या शेतात वाटी सहा वेळा बुडेपर्यंत पाणी जाई. मग लगेच बारे मोडून ते दुसऱ्याकडे वळवीत. हे वाचून आपल्याकडच्या घटिकापात्राची आठवण होईल. जुन्या काळी लग्नाची घटका मोजण्यासाठी हेच साधन वापरीत. तिकडे त्याच साधनावर शेतकऱ्याच्या वर्षाच्या पिकाचा हिशेब चाले, आणि रात्रीअपरात्रीसुद्धा कोणीतरी त्या वाटीकडे डोळे लावून बसलेले असे. पाण्याचे हे हक्क वारसाने मिळत, विकले जात, मुलीला आंदणही देत.

ही व्यवस्था चोख होती, म्हणून ती सर्वांना सारखीच न्याय्य होती असे मात्र समजू नये. कनातीचे तोंड जेथे उघडते, तेथे पाणी सर्वांत स्वच्छ आणि गार असे. धनवंतांचे वाडे आणि बागा बहुधा तेथेच असत. पाणी पुढे वाहत जाई, वाटेत भांडी, कपडे, हमामखाने होत, आणि गावाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या गरिबाच्या दारी ते पोहोचे, तेव्हा गढूळ झालेले असे.

कनात जेथे वस्तीखालून जाई, तेथे लोक तिच्यापर्यंत पायऱ्या खणीत. यझ्दच्या जुन्या जुम्मा मशिदीच्या आवारातून अशा पायऱ्या खाली झार्चच्या कनातीपर्यंत उतरतात. ही कनात सत्तर किलोमीटरांहून अधिक लांब आहे. अर्दिस्तान गावची मून नावाची कनात तर दुमजली आहे. एका भुयाराच्या डोक्यावरून दुसरे भुयार जाते, आणि वरचे पाणी खालच्यात मिसळत नाही! उन्हाळ्यात घराखालच्या गार तळघरात, कनातीच्या पाण्याजवळ, माणसे दुपार घालवीत. काही गावांत थंडीच्या रात्री हे पाणी उथळ हौदांत सोडून गोठू देत. तो बर्फ मातीच्या जाड घुमटाखाली खोल खड्ड्यात साठवून ठेवीत आणि वैशाखवणव्यात काढीत. वाळवंटाच्या तोंडाशी बर्फ घातलेले सरबत मिळे, ते असे.

वाटसरूंचा सारा प्रवासही पाण्याच्या ठिकाणांवरच बेतलेला असे. एका दिवसात उंटांचा तांडा साधारणपणे तीस-चाळीस किलोमीटर जाई, आणि तेवढ्या अंतरावर सराई बांधीत. सराई म्हणजे आपल्याकडील धर्मशाळेसारखी पण किल्ल्याच्या तटासारख्या उंच भिंतींची इमारत. मध्ये अंगण, सभोवार ओवऱ्या आणि जनावरांसाठी पागा. १५८८ ते १६२९ ह्या काळात राज्य करणाऱ्या शाह अब्बासाने ९९९ सराया बांधविल्या, अशी लोककथा आहे. आकडा कथेचा असला, तरी त्याच्या काळच्या अनेक सराया अद्याप उभ्या आहेत. जेथे कनात नसे, तेथे पावसाचे पाणी साठविणारी घुमटाची टाकी बांधीत. नासिर खुसरोने नाईनहून तबसकडे वाळवंटातून जाताना दर दोन फरसखांवर, म्हणजे सुमारे बारा किलोमीटरांवर, असे छोटे घुमट पाहिले. प्रवाशांनी वाट चुकू नये आणि उन्हाथंडीत घटकाभर विसावा घ्यावा, म्हणून ते बांधले आहेत, असे तो लिहितो. आपण ‘मजल दरमजल’ असे म्हणतो, त्यातील मजल हा शब्दही त्याच लोकांच्या बोलण्यातून आपल्याकडे आला. मंझिल म्हणजे मुक्कामाचे ठिकाण.

कनातीची विद्या इराणातच राहिली नाही. पूर्वेस अफगाणिस्तान, बलुचिस्तान, चीनमधील तुर्फान. पश्चिमेस ओमान, इजिप्त, मोरोक्को, इतकेच नव्हे तर स्पेनपर्यंत ती पोहोचली. ओमानात तिला ‘फलज’ आणि मोरोक्कोत ‘खत्तारा’ म्हणतात. दक्षिण हिंदुस्थानात बीदरजवळ नौबाद येथे बहमनी काळातील भुयारी पाट आहे. तापीकाठच्या बुऱ्हाणपुरास मोगल अमदानीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या बाजूचे भूजल अशाच रीतीने आणले. तेथील ‘कुंडी भंडारा’ प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात ह्या विद्येचे नाव निघाले, की मलिक अंबराचे नाव घ्यावेच लागते. हा जन्माने हबशी. गुलाम म्हणून विकला जाऊन बगदादमार्गे दक्षिणेत आला आणि आपल्या कर्तृत्वाने निजामशाहीचा सूत्रधार झाला. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसविले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांच्या बाजूचे पाणी त्याने भुयारी नहरीने गावात खेळविले. तिला ‘नहर-ए-अंबरी’ म्हणतात.

इराणात मात्र विसाव्या शतकात ह्या पुरातन पाटांवर संकट आले. त्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत राजधानी तेहरानसुद्धा मुख्यतः अल्बुर्झच्या पायथ्याकडून येणाऱ्या कनातींचेच पाणी पीत होती. पुढे यंत्राने खोल विहिरी पाडून पंपाने पाणी उपसण्याची सोय झाली. शेतकऱ्यांनी ती आनंदाने स्वीकारली, आणि त्यात नवल नव्हते. कनात खणण्यास वर्षेच्या वर्षे लागत. पंप काही दिवसांत बसे. शिवाय कनात काही आपल्या सवडीने वाहत नाही. पिकाला पाणी नको असते, अशा हिवाळ्याच्या रात्रीही ती वाहतच राहते आणि ते पाणी पुष्कळदा वाया जाते. पंपाची कळ हवी तेव्हा दाबावी, हवी तेव्हा बंद करावी.

परंतु कनातीत एक गुण असा आहे, की जो पंपात नाही. भुयाराच्या पातळीला जेवढे पाणी आपोआप येते, तेवढेच कनात देते. पाऊस-बर्फ कमी झाले, तर तिची धार बारीक होते. त्याहून खाली तिला हात घालता येत नाही. पंपाला असा लगाम नाही. पाणी खाली गेले, तर नळी आणखी खोल सोडता येते. १९६० नंतर अशा विहिरींची संख्या झपाट्याने वाढली. त्यांनी भूजल उपसता उपसता त्याची पातळी भुयारांच्याही खाली गेली, आणि ज्या कनातींनी मोगलांच्या तुर्की-मंगोल पूर्वजांच्या स्वाऱ्याही पाहिल्या होत्या, त्यांतील हजारो कोरड्या पडल्या. कनात आटली, की तिच्यावर जगणारे गावही ओस पडे. काही मैदानांत तर खालचे पाणी निघून गेल्यामुळे जमीनच खचू लागली आहे. त्यातच भूकंपांची भर. २६ डिसेंबर २००३ रोजी बाम शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले, तेव्हा तेथील खजुरीच्या बागांना पाणी देणाऱ्या कनातींचीही पडझड झाली.

तरीही हजारो कनाती अजून वाहत आहेत. ह्या विद्येच्या अभ्यासासाठी यझ्द येथे युनेस्कोच्या साहाय्याने एक आंतरराष्ट्रीय केंद्र चालते. २०१६ साली युनेस्कोने इराणमधील अकरा कनातींची जागतिक वारशाच्या यादीत नोंद केली. त्यांत गोनाबादची, झार्चची आणि अर्दिस्तानची दुमजली कनातही आहे. यादीत नाव आल्याने पाणी वाढत नाही. भुयारात गाळ साचतो, छताचे ढेकूळ निखळते, विहिरीची कड ढासळते, आणि हे सारे वेळच्या वेळी काढले नाही तर कनात बुजते. म्हणून आजही मुकन्नी खाली उतरतात. तेलाच्या दिव्याच्या जागी आता विजेचा दिवा आला आहे आणि रहाटाला कोठे कोठे मोटर जोडलेली असते. भुयार मात्र अजून चार फूटच उंच आहे, आणि त्यात माणसाला वाकूनच जावे लागते.